केतुबात एक ओळ वाढवा: महाराष्ट्रातल्या सिनेगॉगांच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व सिनेगॉगांची विश्वस्त मंडळं, हझन (प्रार्थना चालवणारे), गब्बाय (सिनेगॉगचा कारभार पाहणारे) आणि लग्न लावणारे सगळे

शालोम.

ज्यू माणसाला दोन बायका करता येतात का, असं कुणी विचारलं की आपल्याकडे लगेच उत्तर मिळतं: नाही, हजार वर्षांपूर्वीच बंदी झाली. हे उत्तर अर्धंच खरं आहे. बंदी कुणी घातली, कुणावर घातली आणि ती मोडली तर नेमकं काय होतं, हे पाहायला गेलं की कळतं, भारतात, त्यातही आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांत, एकपत्नीत्व चालतं ते मुख्यतः रीतीच्या आणि चार लोकांच्या धाकाच्या जोरावर. ही रीत भक्कम आहे, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण लेक अडचणीत सापडते तेव्हा कोर्टात रीत दाखवता येत नाही, कागद दाखवावा लागतो. तो कागद म्हणजे केतुबा, नवऱ्याचं बायकोला असलेलं देणं नोंदवणारा विवाहलेख. तो लग्नाच्या दिवशी तुमच्यासमोर लिहिला जातो, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी धर्मशास्त्र काय म्हणतं ते नीट पाहू, कारण पुढच्या मागण्या त्यातूनच निघतात.

तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, एकाहून जास्त बायका करायला मनाई नाही. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातला लामेख दोन बायकांचा पहिला नवरा. पुढे याकोबाच्या घरात लेआ आणि राखेल या दोघी बहिणी, शिवाय त्यांच्या दासी बिल्हा आणि झिल्पा. लेवीयच्या अठराव्या अध्यायानं मात्र बायको जिवंत असताना तिच्या बहिणीशी लग्न निषिद्ध केलं. निर्गम 21:10 ही या विषयातली सगळ्यात कामाची ओळ: दुसरी केली तरी पहिलीचं अन्न, वस्त्र आणि सहवास यांत कपात करायची नाही. हिब्रूत हे तीन शब्द शएर, केसूत आणि ओना. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात नावडतीच्या पोटी आलेल्या थोरल्या मुलाचा दुप्पट वाटा आवडतीच्या मुलाला देता येणार नाही, असा थेट नियम आहे. म्हणजे परवानगी आहे आणि तिच्याभोवती कुंपणही आहे. सवतीला हिब्रूत शब्द आहे त्सारा. संकटालाही तोच शब्द. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात हन्ना जेवण टाकून रडत बसते, ती पनिन्नानं, तिच्या त्सारानं, तिला टोचून टोचून बेजार केलेलं असतं म्हणून.

तल्मूद हा रब्बींच्या कायदेचर्चांचा संग्रह; त्याच्या येवामोत या भागात दोन मतं शेजारीशेजारी उभी आहेत. रावा म्हणतो, पोसण्याची ऐपत असेल तर कितीही बायका करता येतात. रब्बी अम्मी म्हणतो, जो बायकोवर दुसरी आणतो त्यानं पहिलीला सोडून द्यावं आणि तिची केतुबाची रक्कम चुकती करावी. त्याच भागात दुसरीकडे शहाणपणाचा सल्ला आहे की चार बायकांच्या वर जाऊ नये, कारण तेवढ्याच जणींना महिन्यातून एकदा तरी नवऱ्याचा सहवास मिळू शकतो. आणि योमा या भागाच्या पहिल्याच मिश्नात, म्हणजे मूळ पाठात, योम किप्पुरच्या दिवशी प्रायश्चित्त करणाऱ्या महायाजकाला घर हवं, घर म्हणजे बायको. तल्मूद त्यावर म्हणतो, एकच घर, दोन नव्हेत. सगळ्यात पवित्र दिवशी सगळ्यात पवित्र जागी उभं राहणाऱ्या माणसाला एकच बायको असली पाहिजे, हा इशारा पुरेसा बोलका आहे. तरीही कायद्याची बाजू रावाकडे झुकली. राम्बामनं (मायमोनिडीस) आपल्या कायदेग्रंथातल्या इशूत या विवाहविषयक भागाच्या चौदाव्या प्रकरणात पोसण्याच्या अटीवर अनेक बायकांना मोकळीक ठेवली. त्यांना एकाच अंगणात राहायची सक्ती मात्र करता येत नाही.

दोन बायकांचं घर नवऱ्यामागे कागदावर कसं दिसतं, ते मृत समुद्राजवळच्या नहल हेवेरमधल्या एका गुहेत सापडलं. 1961 साली यिगाएल यादीनच्या पथकाला तिथे बाबथा नावाच्या बाईची चामड्याची थैली मिळाली, आत पस्तीस दस्तऐवज. तिचा दुसरा नवरा यहुदा, एन-गेदीचा. त्याला मिर्याम नावाची बायको आधीचीच होती. यहुदा गेल्यावर बाबथानं आपली केतुबाची रक्कम आणि त्याला दिलेलं कर्ज यांच्या बदल्यात त्याच्या खजुराच्या बागा ताब्यात ठेवल्या आणि पीक विकलं. इ.स. 131 मधल्या एका समन्समध्ये ती मिर्यामवर आरोप करते, की तिनं घरातलं सगळं नेलं. मिर्यामचं उत्तर असं, की माझ्या आणि तुझ्या मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेला हात लावू नकोस, असं तुला मी आधीच बजावलं होतं. "माझ्या आणि तुझ्या" हे शब्द वाचून थांबायला होतं. अठराशे वर्षं लोटली, पण बाबथाजवळ थैली होती म्हणूनच ती बोलू शकली.

आता हजार वर्षांपूर्वीची बंदी. राइन नदीकाठच्या माइंझचे रब्बेनू गेर्शोम बेन यहुदा (साधारण 960 ते 1028) यांच्या नावे दोन हेरेम, म्हणजे मोडल्यास बहिष्कार ओढवणारे मनाईहुकूम, चालत आले: बायकोवर दुसरी बायको करायची नाही, आणि तिच्या मर्जीविरुद्ध तिला सोडचिठ्ठी द्यायची नाही. दोन्ही एकत्र वाचायला हवेत. पहिला एकटाच असता, तर दुसरी आणू पाहणाऱ्यानं पहिलीला सरळ हाकललं असतं. अपवादासाठी तीन वेगवेगळ्या प्रदेशांतल्या शंभर रब्बींची परवानगी लागते. बायको वेडी झाली आणि गेट (ज्यू सोडचिठ्ठी) घेण्याइतकं भान तिला उरलं नाही, असे हे प्रसंग. ही सूट जाणूनबुजून अवघड ठेवलेली आहे.

पण हा हेरेम अश्कनाझ म्हणजे जर्मनी-फ्रान्सच्या समाजांनी स्वीकारला. योसेफ कारो यांनी शुल्हान आरुख या आपल्या नियमसंग्रहात, जो 1565 साली व्हेनिसमध्ये छापला गेला, स्पष्ट लिहिलं, की हा हेरेम सगळ्या देशांत पसरला नाही आणि तो पाचव्या सहस्रकाच्या अखेरीपर्यंतच, म्हणजे इ.स. 1240 पर्यंतच होता. त्यावर क्राकोच्या मोशे इस्सर्लेस यांनी टीप जोडली, की आमच्या देशांत तो आजही लागू आहे. कारो पुढे असंही म्हणतात, की दुसरी करणाऱ्यावर बहिष्कार घालणारा स्थानिक नियम समाजानं करावा, ते चांगलं. हे वाक्य आपल्यासाठी उघडं दार आहे. येमेन, इराक, मोरोक्को इथे दुसऱ्या बायकोची चाल राहिली. सेफार्दी (मूळ स्पेनकडचे) आणि पूर्वेकडच्या समाजांनी दुसरी वाट धरली: बंदी समाजावर न घालता प्रत्येक केतुबात अट घालायची, की नवरा हिच्यावर दुसरी करणार नाही, आणि केलीच तर हिची पूर्ण रक्कम देऊन हिला मोकळी करील. सामुदायिक धाकाऐवजी वैयक्तिक करार.

बेने इस्राएल या दोन्हींत कुठे बसतात? रब्बेनू गेर्शोम यांचा हेरेम आपल्यापर्यंत कधी आला नाही. नवगाव ते रेवदंड्याच्या पट्ट्यात तेल गाळणाऱ्या शनवार तेल्यांना, आपल्या पूर्वजांना, माइंझ कुठे आहे, हे माहीत असायचं कारण नव्हतं. मूल होत नाही म्हणून दुसरी केल्याची उदाहरणं आपल्या जुन्या घरांत आहेत. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. इस्राएलात 1950 साली मुख्य रब्बी हर्झोग आणि उझिएल यांनी जेरुसलेममधल्या रब्बींच्या सभेतून सर्व समाजांसाठी नियम केले: दुसरं लग्न बंद, येबूम म्हणजे दिराशी लग्न बंद आणि फक्त हलित्सा, म्हणजे त्या बंधनातून विधवेला मोकळं करण्याचा विधी, शिवाय मुलीचं किमान वय सोळा. पाठोपाठ कायदाही आला. 1951 पासून तिथे दुसरं लग्न गुन्हा आहे, आज पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तो कायदा तिथला.

भारतात काय आहे ते आता पाहा, कारण मुख्य घोळ इथेच आहे. 1955 चा हिंदू विवाह कायदा मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी आणि ज्यू यांना लागू नाही; तसं त्याच्या दुसऱ्या कलमातच लिहिलंय. ख्रिश्चनांना 1869 चा घटस्फोट कायदा आहे, पारशांना 1936 चा. ज्यूंसाठी लिखित विवाह कायदा एकही नाही. कोर्ट ज्यू धर्मशास्त्र आणि समाजाची रूढी पाहून निकाल देतं. दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्याचं कलम, पूर्वीचं भारतीय दंड संहितेतलं 494 आणि आता भारतीय न्याय संहितेतलं 82, तेव्हाच लागू होतं जेव्हा पहिला जोडीदार हयात असल्यामुळे दुसरं लग्न रद्दबातल ठरतं. वर सांगितलेलं शास्त्र हातात घेऊन एखादा वकील उभा राहिला आणि म्हणाला, की आमच्या धर्मात दुसरं लग्न रद्दबातल नसतंच, तर त्याला अडवायला तुमच्याकडे काय आहे? रूढी आहे, हे साक्षीदार आणून सिद्ध करत बसावं लागेल. तो भार पहिल्या बायकोवर पडतो, आणि नेमकी तीच त्या वेळी पैशानं आणि मनानं खचलेली असते.

वारसाहक्कात हाच घोळ आणखी ठळक होतो. ज्यूंना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना. मुलं नसून फक्त नातलग असतील तर विधवेला निम्मं. हे हिशेब एका विधवेचे आहेत. दोघी उभ्या राहिल्या की बाबथा आणि मिर्याम परत आल्याच, या वेळी मुंबईच्या फ्लॅटसाठी.

म्हणून आमचं पहिलं सांगणं: लग्न सिनेगॉगमध्ये हुप्पाखाली (लग्नाच्या छताखाली) लावा, केतुबा वाचा, सगळं जसं होतं तसंच करा, आणि मग त्या लग्नाची 1954 च्या विशेष विवाह कायद्याच्या कलम 15 खाली नोंद करून घ्या. हे कलम दुसऱ्या पद्धतीनं आधीच लागलेल्या लग्नांसाठी आहे. नोंद झाली की कलम 18 नुसार ते लग्न त्या कायद्याखालीच लागलं, असं मानलं जातं. पुढे नवऱ्यानं पहिली हयात असताना दुसरं लग्न केलं तर कलम 44 खाली ते रद्दबातल ठरतं आणि तो दुसऱ्या लग्नाच्या गुन्ह्याच्या शिक्षेला पात्र होतो. धर्मशास्त्राचा वाद तिथे उरत नाही.

यात कुठे अडतं ते आधीच माहीत असलेलं बरं. नोंदणीच्या दिवशी दोघांचीही एकवीस वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. वधू एकोणीस-वीसची असेल तर तिचा एकविसावा वाढदिवस वहीत टिपून ठेवा आणि तेव्हा घरच्यांना आठवण करा. अर्जाआधी किमान तीस दिवस दोघं त्या जिल्ह्यात राहिलेले असावेत. अर्जानंतर तीस दिवसांची जाहीर सूचना लागते, मग दाखल्यावर दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या. लग्नानंतर महिन्याभरात परदेशी जाणाऱ्या जोडप्याचा घोटाळा इथेच होतो. तारखा उलट्या मोजत या. आणखी एक मोठी अडचण: हलाखात (ज्यू धर्मनियमांत) चुलत, मामे, आते भावंडांची आणि काका-पुतणी, मामा-भाची अशी लग्नं चालतात, पण विशेष विवाह कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत ती सगळी आहेत. अशा जोडप्याला कलम 15 खाली नोंद मिळणार नाही. त्यांच्यासाठी पुढे सांगितलेला करार हाच आधार, म्हणून तिथे तो अधिक काळजीनं करायला हवा.

दोन गैरसमज तेवढे मिटवा. एक, महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत 1998 च्या महाराष्ट्र कायद्याखाली मिळालेला विवाह नोंदणी दाखला म्हणजे हीच नोंद, असं बहुतेक घरांत समजतात. तो लग्नाचा पुरावा आहे, आवश्यकही आहे, पण त्यानं लग्नाला लागू असलेला कायदा बदलत नाही. दुसरं, कलम 15 ची नोंद केली की धर्म सुटतो, वारसाहक्क बदलतो अशी भीती. ज्यूंना वारसा कायदा 1925 चाच लागू आहे आणि विशेष विवाह कायदाही त्याच कायद्याकडे बोट दाखवतो. काहीही बदलत नाही.

दुसरं सांगणं केतुबाबद्दल. आपली केतुबा सुंदर असते, काचेच्या चौकटीत भिंतीवर लागते, आणि तिथेच अडचण आहे: ती वाचायची वस्तू राहिलेली नाही. अरामी मजकुरातलं कुमारिकेसाठी 200 झूझ (जुनं चांदीचं नाणं) आणि विधवा किंवा घटस्फोटितेसाठी 100 झूझ हे मूळ आकडे बदलायचे नाहीत. पण त्याच्या पुढची वाढीव रक्कम, तोसेफेत, वराची स्वतःची असते. जिथे ती नाममात्र लिहिली जाते तिथे केतुबाचा उद्देशच मोडतो. बायकोला सोडून देणं नवऱ्याला सोपं वाटू नये, म्हणूनच ही रक्कम ठेवलेली आहे.

मजकूर भरताना होणाऱ्या चुकाही सांगतो, कारण यातली प्रत्येक चूक पुढे इस्राएलात किंवा दुसऱ्या देशात कागद तपासला जातो तेव्हा वर येते. सूर्यास्तानंतर लग्न लागलं तर हिब्रू तारीख दुसऱ्या दिवसाची होते; पत्रिकेवर छापलेल्या संध्याकाळच्या वेळेवरून आदल्या दिवशीच तारीख भरून ठेवली की चुकते. वराचं हिब्रू नाव आणि घरात हाक मारायचं नाव वेगळं असेल तर दोन्ही लिहावीत, गावाचं आडनावही जोडावं, कारण एकाच समाजात त्याच नावाचे आणि बापाच्याही त्याच नावाचे दोघं सापडतात. साक्षीदार दोन, शब्बाथ पाळणारे प्रौढ पुरुष, आणि वरवधूशी किंवा एकमेकांशी रक्ताचं वा लग्नाचं नातं नसलेले. लहान समाजात हीच अट सगळ्यात जास्त वेळा मोडते: मामेभाऊ सही करून जातो आणि केतुबा कमजोर होते. साक्षीदारांची नावं आठवडाभर आधी ठरवून नाती विचारून घ्या, हुप्पाखाली शोधाशोध नको. आणि किन्यान, म्हणजे वरानं साक्षीदारांदेखत रुमाल उचलून जबाबदारी स्वीकारणं, हे सह्यांच्या आधी व्हावं.

आता जी ओळ वाढवायची ती. अरामी मजकुराला हात लावू नका. त्यात फक्त एवढं जोडा, की वर आणि वधू यांच्यात लग्नाआधी झालेला शर्तींचा कागद या केतुबाचा भाग आहे. शर्ती वेगळ्या कागदावर, मराठीत, 500 रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर, लग्नाच्या किमान आठवडाभर आधी. मसुदा साधारण असा:

"वधू हयात असताना व तिला हलाखाप्रमाणे गेट मिळालेलं नसताना वरानं दुसऱ्या स्त्रीशी लग्न केल्यास केतुबाची मूळ व वाढीव रक्कम त्या दिवशी वधूस देय होईल. दोघं एकत्र राहत नसतील त्या दिवसापासून हलाखाप्रमाणे विवाह संपेपर्यंत वर वधूच्या निर्वाहापोटी रोज अमुक रुपये देईल; वधूचं स्वतःचं उत्पन्न त्यात धरलं जाणार नाही. गेटसंबंधी सर्व प्रश्न अमुक बेथ दीनपुढे (रब्बींच्या न्यायमंडळापुढे) जातील व तिनं बोलावल्यावर दोघंही हजर राहतील."

यातला प्रत्येक शब्द जाणूनबुजून निवडलेला आहे. वर दुसरं लग्न करणार नाही, असं सरळ लिहिलं नाही, कारण 1872 च्या करार कायद्याचं कलम 26 सज्ञान माणसाच्या लग्नावर बंधन घालणारा करार रद्द ठरवतं, आणि विरुद्ध बाजूचा वकील तिथेच बोट ठेवेल. दुसरं केलंस तर पहिलीचं देणं चुकतं कर, एवढंच लिहिलं की आपण रब्बी अम्मी यांच्या मतावर येतो. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचं मत आजच्या कायद्याच्या चौकटीत जवळपास जसंच्या तसं बसतं. रोजच्या रकमेला दंड म्हटलं नाही, यालाही कारण आहे. गेट दिलं नाहीस तर एवढा दंड, असं लिहिलं तर पुढे दिलेलं गेट जबरदस्तीचं, गेट मेउस्से, ठरू शकतं, आणि ते गेट हलाखात टिकत नाही. निर्वाह मात्र नवऱ्याचं मूळचंच कर्तव्य आहे, निर्गमातल्या त्या तीन शब्दांपैकी पहिला. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स बेथ दीननं तयार केलेला विवाहपूर्व करार याच तत्त्वावर उभा आहे. तिथे रोजची रक्कम 150 डॉलर धरतात. आपल्याकडे घराचा महिन्याचा खरा खर्च काढा, तिसानं भागा, तो आकडा लिहा आणि महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढेल असं जोडा. फार फुगवलेला आकडा कोर्ट करार कायद्याच्या कलम 74 खाली कमी करू शकतं. फार लहान आकडा नवऱ्याला बोचत नाही. मसुदा एकदा वकिलाला आणि एकदा रब्बींना, दोघांनाही दाखवा. एकालाच दाखवलेले मसुदे हमखास दुसऱ्या बाजूनं फाटतात.

तिसरं सांगणं गेटबद्दल, आणि आम्हाला सगळ्यात जास्त कळकळ याचीच आहे.

कोर्टाचा घटस्फोट झाला, सुटलो, असं म्हणून लोक घरी जातात. हलाखात ती बाई अजून लग्नाचीच असते. इथे पुरुष आणि स्त्रीची परिस्थिती सारखी नाही, आणि ती का नाही ते बहुपत्नीत्वाच्या मूळ परवानगीतच आहे. गेट न देता पुरुषानं दुसरं लग्न केलं तर त्याची मुलं धर्मात निर्दोष, कारण तोराप्रमाणे त्याला दुसरी करता येते. गेट न घेता बाईनं दुसरं केलं तर तिची पुढची मुलं मामझेर, म्हणजे निषिद्ध संबंधातली, ठरतात, आणि ती छाया पिढ्यान् पिढ्या त्यांच्या लग्नांवर राहते. गेट अडवून ठेवणाऱ्या नवऱ्याला याची पूर्ण जाणीव असते. इस्राएलमध्ये 1995 पासून रब्बींची कोर्टं अशा माणसाचा पासपोर्ट, वाहन परवाना, बँक खातं अडवू शकतात, तुरुंगातही टाकू शकतात. आपल्याकडे असं काहीही नाही, कायमचं बेथ दीनही नाही. म्हणून आपल्याला हे आधी बांधून ठेवावं लागतं.

या बाबतीत आपल्या समाजानं मोठी किंमत आधीच मोजली आहे. 1961 पासून इस्राएलच्या मुख्य रब्बिनेतनं बेने इस्राएलांच्या लग्नांवर अटी घातल्या, पिढ्यांची चौकशी सुरू केली. मुख्य शंका एकच होती: कोकणात शतकानुशतकं गेट आणि हलित्सा नियमानुसार होत होते का? जेरुसलेममध्ये आपल्या माणसांनी धरणं धरलं, 1964 साली क्नेसेतनं, म्हणजे इस्राएलच्या संसदेनं, त्यांची बाजू घेतली आणि रब्बिनेतला नियम बदलावे लागले. अन्याय होता आणि तो मोडला गेला. पण ज्या फटीत ती शंका शिरली ती आपल्या दप्तरातली होती, आणि ती बुजवणं आपल्या हातात आहे.

गेट कसं होतं ते विश्वस्तांना माहीत असायला हवं, म्हणजे जोडप्याला वेळेत सांगता येईल. ते छापील फॉर्मवर होत नाही. नवरा स्वतः सोफेरला (धार्मिक लेखनिकाला) सांगतो आणि सोफेर त्याच बाईसाठी, तिचंच नाव मनात धरून, पिसाच्या लेखणीनं बारा ओळी लिहितो. गेट या हिब्रू शब्दातल्या अक्षरांची किंमत गिमेल तीन आणि तेत नऊ, म्हणून बारा. कागद, शाई, लेखणी आधी नवऱ्याच्या मालकीची करून दिली जाते. गावाचं नाव, जवळची नदी किंवा समुद्र, दोघांची सगळी नावं अचूक लागतात. एक अक्षर चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. ज्या गावात पूर्वी कधी गेट लिहिलेलं नाही तिथे नाव कसं लिहायचं यावर रब्बी अडतात, म्हणून बाहेरच्या बेथ दीनकडून लिहून प्रतिनिधीमार्फत पाठवणं सोपं पडतं. दोन साक्षीदारांच्या सह्या होतात. बाई दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरते, अंगठ्या काढलेल्या, आणि घडी केलेला कागद त्यात टाकला जातो. ती तो हातात मिटून काही पावलं चालते. त्यानंतर रब्बी कागदाला काप देतात आणि तो बेथ दीनच्या दप्तरात राहतो. दोघांना मिळतो तो दाखला वेगळा, पेतूर. पुढच्या लग्नाला तोच लागतो, आणि बाईनं नव्वद दिवस थांबायचं असतं. गेटचा आणि लग्नाचा दिवस त्यात धरत नाहीत. घटस्फोटित बाईचं कोहेनशी (याजकवंशातल्या पुरुषाशी) लग्न होऊ शकत नाही, हेही आधीच सांगा.

काम कुठल्या क्रमानं करायचं, यालाही महत्त्व आहे. परस्पर संमतीचा घटस्फोट विशेष विवाह कायद्याच्या कलम 28 खाली असेल तर पहिल्या अर्जाआधी दोघं वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागतात आणि पहिल्या-दुसऱ्या अर्जात साधारणपणे सहा महिने जातात. गेटचं बोलणं या सहा महिन्यांत सुरू करा, तडजोडीच्या अटींत ते लिहून घ्या. कोर्टाचा हुकूम हाती पडला की नवऱ्याची गरज संपते, मग तो फोन उचलत नाही.

तेव्हा विश्वस्त मंडळांकडे आमच्या मागण्या अशा. लग्नाची तारीख घ्यायला येणाऱ्या जोडप्याला पहिल्या भेटीतच शर्तींच्या कागदाचा मसुदा द्या. ओमेर, म्हणजे पेसाहनंतरचा लग्न न लावण्याचा काळ, संपला की लग्नं गर्दीनं येतात, तेव्हा वेळ उरत नाही. दोघांपैकी कुणाचं आधी लग्न झालेलं असेल तर कोर्टाच्या हुकमाबरोबर पेतूरही पाहिल्याशिवाय तारीख देऊ नका. पुरुषाच्या बाबतीतही. इथेच सगळ्यात जास्त ढिलाई होते. वधू मूल नसताना विधवा झालेली असेल आणि दीर हयात असेल तर हलित्सा झाली का, ते विचारा. प्रत्येक सिनेगॉगमध्ये केतुबाच्या प्रती, शर्तींचे कागद, कलम 15 च्या नोंदीचे क्रमांक आणि पेतूरच्या नकला यांचं एक कायमचं रजिस्टर असू द्या, दुसरी प्रत दुसऱ्या सिनेगॉगमध्ये. कोकणातल्या ज्या सिनेगॉगांत आता मिन्यानही (प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष) जमत नाही, तिथली जुनी रजिस्टरं पावसाळ्याआधी स्कॅन करून मुंबई-ठाण्यात ठेवा. ओल आणि वाळवी वाट पाहत नाहीत.

आणि कारो यांनी उघडं ठेवलेलं ते दार. पहिलीला गेट आणि तिची रक्कम दिल्याशिवाय दुसरं लग्न करणाऱ्या माणसाचं लग्न आमच्या कुठल्याही सिनेगॉगमध्ये लावलं जाणार नाही, त्याला तोरावाचनाचा मान मिळणार नाही, असा एकाच मजकुराचा ठराव प्रत्येक मंडळानं आपापल्या वार्षिक सभेत करावा, तारखेसह इतिवृत्तात नोंदवावा आणि त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावावी. एकाच सिनेगॉगनं केला तर माणूस दुसऱ्यात जातो. सगळ्यांनी केला की आपल्या समाजाची रूढी काय आहे हे पहिल्यांदा लिहून निघेल, आणि उद्या कुणा बाईला कोर्टात रूढी सिद्ध करावी लागलीच, तर तिच्या हातात तुमच्या सह्यांचा कागद असेल.

तुमचे,
ज्यू विवाहाच्या कागदपत्रांचं काम करणारे आम्ही काही जण